शत्रू उरला नाही, त्या वर्षीची वादविवाद स्पर्धा

सोव्हिएत संघ फुटला त्याच्या पुढच्या हिवाळ्यात धुळ्याच्या एका कॉलेजनं मला वादविवाद स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावलं. मी जळगावला राज्यशास्त्र शिकवत होतो. विषय होता, ‘अमेरिका आणि पश्चिम युरोपची लष्करी युती आता बरखास्त करावी.’ विषय वाचूनच मी खूश झालो आणि सकाळची एसटी धरली.

चाळीसगावहून आलेली एक मुलगी बाजूनं बोलली. आवाज बारीक, पण मुद्दे पक्के. म्हणाली, ‘‘ज्यांच्या भीतीनं ही युती झाली, त्यांची युती मोडली. पूर्व युरोपातल्या लहान देशांना अजून रशियाचा धाक वाटतो, तो खोटा नाही. पण एरवी काम ठरतं आणि मग फौज उभी राहते. इथं फौज उभी आहे आणि तिच्यासाठी काम शोधणं चाललंय.’’

मला तिचं पटलं नव्हतं. त्या लहान देशांना वाऱ्यावर सोडू नये, असंच माझं मत होतं. तरी मी तिला सर्वांत जास्त गुण दिले.

तिच्यानंतर संस्थाचालकांचा पुतण्या विरोधात बोलला. युरोपचं नावही त्यानं घेतलं नाही. टेबलावर मूठ आपटून ओरडला, ‘‘शत्रू नसेल तर शोधू, पण तलवार म्यान करणार नाही!’’ सभागृह टाळ्यांनी दणाणलं.

निकालाआधी आम्हा तिघा परीक्षकांना भरीत-पुरी वाढली. माझ्या शेजारी एक निवृत्त लष्करी अधिकारी होते. तेलकट बोटं चाटत ते म्हणाले, ‘‘पहिला नंबर पोराचाच. शत्रू काय, पुढेमागे मिळतोच.’’

‘‘साहेब, हा मुद्दा नाही. ही भूक आहे,’’ मी म्हणालो.

ते हसले. तिसरे परीक्षक, तिथलेच प्राध्यापक, माझ्या कानाशी लागले, ‘‘सर, कशाला ताणता? युरोप राहिला युरोपात. आपल्याला इथं नोकरी करायचीय.’’

मला शिसारी आली. विषय युद्धात माणसं मरण्याचा, आणि हे पुरीसोबत तो गिळत होते. मी ताट सरकवलं आणि निकालावर सही करायला नकार दिला. निकाल तसाच जाहीर झाला. मुलीला उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नाही.

स्टँडवर ती भेटली. सोबत तिची मावशी होती. मावशी अहिराणीत फणकारली, ‘‘जो जोरमा वरडस, तेनाच नंबर येस आठे. बठ्ठं आधीच ठरेल शे!’’

मुलीनं मला विचारलं, ‘‘सर, माझं काय चुकलं?’’

‘‘काहीच नाही. मला तुझं पटलं नाही, पण पहिली तूच होतीस.’’

‘‘पटलं का नाही, ते सांगा ना.’’

मग चाळीसगावची गाडी लागेपर्यंत आम्ही भांडलो. मी लहान देशांची भीती मांडली. ती म्हणाली, ‘‘मग त्या भीतीपुरतंच राहायचं, असं युतीवाल्यांनी लिहून द्यावं. देतील?’’ तेवढ्यात गाडी लागली आणि मी तिची पिशवी वर चढवून दिली.

पुढच्या वर्षी त्याच कॉलेजचं निमंत्रण आलं. मी गेलो नाही. काही वर्षांनी त्या युतीची विमानं युरोपातच बॉम्ब टाकू लागली. ती बातमी वाचताना मला स्टँडवरचं तिचं ‘देतील?’ आठवलं आणि माझ्या तोंडाची चव गेली.