फितीच्या पलीकडं

"माथा आला. आता जातंय आपलं आपण."

भाऊ असं म्हणायचे, हात झटकायचे आणि वळून चालू लागायचे. चिखलात रुतलेली बैलगाडी असो, स्टेशनातल्या हमालाचा हातगाडा असो, नाहीतर आमच्या बिऱ्हाडाचं लाकडी कपाट असो. ते कपाट त्यांनी खांद्यानं रेटत जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत आणलं आणि तिथंच सोडलं. कपाट दारात आडवं, त्याच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला आमचे हे, आणि हा गृहस्थ खाली अंगणात पोचलासुद्धा! मी वरून ओरडले, "अहो भाऊ, आत तरी ढकला! निदान चहा तरी घ्या!" तर खालून उत्तर आलं, "ऱ्हाऊ द्या वैनी, आता काय, जातंय ते."

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. मांडव घालायला पहिला आणि पंगतीला पत्ता नाही. आमच्या लोणावळ्याच्या रेल्वे चाळीतली तीन लग्नं या भाऊंनी जमवली. स्थळ शोधायचं, दोन्हीकडच्या रुसलेल्यांना समजवायचं, मानापानाचं मिटवायचं, आणि सुपारी फुटली की हे पसार. एकाही लग्नात अक्षता टाकायला हजर नव्हते. स्वतःचं तर जमवलंच नाही. चाळिशीकडे झुकले होते, पण विषय काढला की कान लाल व्हायचे. मी कसली सोडते! तळेगावची आहे मी, माझ्या जिभेला हाड नाही असं सासूबाई चारचौघांत सांगायच्या. पण भाऊंना कितीही बोला, ते फक्त हसायचे आणि मानेचा घाम पुसायचे.

ते फायरमन होते, घाटातल्या बँकरवर. कर्जतहून गाडी वर चढायला लागली की तिला मागून रेटायला आणखी इंजिन लावतात, त्याला बँकर म्हणायचं. सगळा घाट भाऊ फावड्यानं भट्टीत कोळसा टाकायचे. बोगद्यांतला धूर नाकातोंडात जायचा. लोणावळ्याचा माथा आला की बँकर सुटायचं, भट्टीचं दार बंद व्हायचं, आणि गाडी ऐटीत पुण्याकडे निघून जायची. त्यांची सवय कुठून आली हे मला चाळीत आल्यावर महिनाभरात कळलं होतं.

पळायची सवय मात्र आईमुळे लागली. त्यांचं गाव खाली पवन मावळात. तिथं आई एकटी. डोळ्यांना फार कमी दिसायचं, पण स्वतःच्या घरात ती अशी वावरायची की परक्याला कळूही नये. चूल कुठं, रांजण कुठं, म्हशीचं दावं कुठं, सगळं हाताला पाठ. भाऊंनी एकदा तिला लोणावळ्याला आणली, तर तिसऱ्याच दिवशी ती भिंतीला धरून रडायला लागली. "मला माज्या घरला न्हे, हितं मला काय बी दिसत न्हाई," म्हणाली. मग आठवड्याच्या सुट्टीला भाऊच जायचे. खिंड उतरून पळत गावी, तिथं लाकडं फोडायची, पाणी भरायचं, म्हशीचं बघायचं, आणि पळतच ड्युटीला परत. वर्षानुवर्षं हेच. मग रेल्वेच्या शर्यतीत त्यांना कुणी ढकललं नसतं तरच नवल.

दरवर्षी रेल्वेच्या सगळ्या इंजिन-शेडांची मिळून पाच मैलांची शर्यत व्हायची. जिंकणाऱ्या शेडला कप. भाऊ आमच्या शेडचे, आणि दरवर्षी आमची शेड हरायची. बरं, पळण्यात कमी नव्हतेच. चार मैलांपर्यंत सगळ्यांच्या पुढे, श्वास शांत, चेहरा देवघरात बसल्यासारखा. पण मैदानात शिरून शेवटची फीत दिसली रे दिसली, की खांदे सैल. पाय आपोआप मंद. आणि मागून कुणीतरी धापा टाकत यायचा, आणि चांगली ढांग टाकून कप घेऊन जायचा. मला तर वर्षानुवर्षं हात चोळत बसायला लागायचं. भाऊंना त्याचं काही नाही. "त्यो बी लय लांबनं पळत आलाय, वैनी," म्हणायचे. जिंकणाऱ्याची पाठसुद्धा थोपटून यायचे!

त्यांच्या इंजिनाचे ड्रायव्हर, सगळे त्यांना आबा म्हणत, ते मात्र चिडायचे. "पाच मैल समदेच पळत्यात," आबा म्हणायचे. "कप मिळतो त्यो शेवटच्या वळणाम्होरं. तितं जेच्यापाशी वाफ, त्यो राजा. आनि ह्यो तितंच भट्टीचं दार लावतोय!"

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग घाटात विजेची इंजिनं आली. चाळीतल्या पोरांनी तारांखाली उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि शेडमध्ये मोठी माणसं गप्प झाली. कोळसा नको म्हटल्यावर कोळसेवाले कशाला? एकेकाच्या बदल्या निघायला लागल्या. भाऊंचं नाव भुसावळसाठी निघालं.

भुसावळ! आठवड्याच्या सुट्टीत तिथून मावळात कोण येणार आणि कधी परतणार? आईला तिकडे नेणं शक्य नव्हतं. गावात भावकी होती, पण म्हशीवर डोळा ठेवणारी. भाऊंचं हसणं बंद झालं. आमच्या ओसरीवर येऊन बसले, पहिल्यांदाच कुणी न बोलावता. म्हणाले, "वैनी, तिला सांगू नगा हां. ती काय बोलायची न्हाई, पर जेवायची बी न्हाई."

शेडचे साहेब शर्यतींचे भारी शौकीन. आमच्या यांनी धीर करून त्यांच्याकडे शब्द टाकला. साहेब म्हणाले, विजेच्या इंजिनावर मदतनीस म्हणून एक जागा आहे, ती कुणाला द्यायची ते माझ्या हातात आहे. यंदा शर्यत लोणावळ्यातच आहे. कप आणा, माणूस इथंच राहील.

आता आली का पंचाईत! ज्या माणसाला आयुष्यात कधी शेवट गाठता आला नाही, त्याचं सगळं शेवटावर येऊन ठेपलं.

आबांनी मनावर घेतलं. मैदानात दोन बांबू रोवले, माझं जुनं लुगडं फाडून त्याची पट्टी ताणली, आणि स्वतः पलीकडे छडी घेऊन उभे. भाऊ वाऱ्यासारखे यायचे, पट्टी दिसायची, खांदे उतरायचे. "सोडलंस! सोडलंस बग, भाड्या!" आबा ओरडायचे. भाऊ अगदी रडवेले. "मी न्हाई सोडत, आबा. पायच सोडत्यात." गोड बोलून झालं, शिव्या देऊन झाल्या, पट्टी आणखी लांब नेऊन झाली. जिथं नेऊ तिथं त्यांच्या पायांना ती अलीकडेच कळायची. मी खांबाला टेकून बघायचे आणि मनात म्हणायचे, आता देवच काय ते बघो.

शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात भाऊंना सुट्टी मिळेना. आईकडे तेल-मीठ पोचवायचं होतं. आमचे हे म्हणाले, मी जातो. मीही निघाले. खिंड उतरताना माझ्या पायांचे तुकडे पडले, आणि या वाटेवरून हा माणूस पळत जातो म्हणून मी त्याला मनातल्या मनात हात जोडले.

आम्ही अंगणात पाय ठेवतोय तोवर आतून आवाज आला, "कोन हाय? आज पावलं सावकास आली."

मी ओळख सांगितली. म्हातारी लगेच खुलली. हात धरून मला चुलीपाशी नेलं, ताक दिलं. मी सहज विचारलं, "मावशी, पावलांवरून माणूस कळतं तुम्हाला?"

"त्याचं कळतं की. वढ्यापातुर बेतानं पळतो. वढा वलांडला की जे पळतंय, जे पळतंय! दारात बी थांबत न्हाई बाई, थेट हितं चुलीपातुर. येक डाव रांजनावर आपटला, रांजन फुटला, समदं पानी घरात."

"एवढी कसली घाई?"

म्हातारी हसली. "मी जित्ती हाय का बगायला. दुसरं काय? मला दिसत न्हाई, पन त्याची छाती उडती ती ऐकू येती."

मी ताक तसंच खाली ठेवलं. पायांना जमत नाही म्हणे! दर आठवड्याला जमत होतं. माझं डोकं असं चालायला लागलं की परतीच्या चढावर पाय दुखल्याचंही कळलं नाही. यांना म्हटलं, म्हातारीला शर्यतीला आणायची, आणि भाऊंना पत्ता लागू द्यायचा नाही. हे म्हणाले, "तुला वेड लागलंय." मी म्हटलं, "लागू दे."

शर्यतीच्या दिवशी पहाटे हे बैलगाडीनं तिला कामशेतला घेऊन आले, तिथून आगगाडीनं लोणावळ्याला. तिचं मन वळवायला दोन तास गेले होते. "मला काय दिसनार हाय त्यात?" ती म्हणत होती. हे म्हणाले, "बघायला नाही मावशी, नुसतं बसायला चला." का कोण जाणे, तेवढ्यावर ती उठली. गाडीत बसल्यावर मात्र तिनं डब्यातल्या लोकांना दोनदा विचारलं, "कोळसा कोन टाकतंय हितं?"

मी तिला फितीच्या पलीकडे बरीच लांब, एकटीच, घोंगडीवर बसवली. कुणी हटकायला आलं की मी पुढे व्हायचे, आणि हटकणारा परत जायचा.

पळणारे वळवणच्या धरणापर्यंत जाऊन परत येणार होते. मी रस्त्याकडे डोळे लावून उभी होते. मग रस्त्यावर आरडाओरडा झाला. पुढे भाऊ, आणि त्यांच्या खांद्याशी कल्याणच्या शेडचा एक काटकुळा उंच गडी. दोघं मैदानात शिरले. एक फेरी बाकी. अर्ध्या फेरीत त्या गड्यानं ढांग लांबवली आणि तो पुढे निघाला. शेवटचं वळण आलं, फीत दिसली, आणि मी बघितलं, भाऊंचे खांदे उतरले. आबांनी छडी जमिनीवर आपटली. मी डोळे मिटणार होते.

तेवढ्यात भाऊंना घोंगडी दिसली.

आई, जी घर सोडून कुठं जात नाही, ती इथं मैदानात, उन्हात, एकटी बसलेली. त्यांच्या मनात काय काय आलं असेल ते तुम्हीच समजा. मी एवढंच सांगते की त्यानंतर जे पळणं मी बघितलं तसं पुन्हा बघितलं नाही. मुंडी वर, मुठी आवळलेल्या, तोंड उघडं. कल्याणच्या गड्याला कळायच्या आत भाऊ त्याच्या बाजूनं निघून गेले. फीत छातीला लागून तुटली. लोक टोप्या उडवायला लागले. साहेब हात पुढे करून आले. भाऊंना त्यातलं काही दिसलंच नाही. "झालं! अरे झालं, थांब!" आबा ओरडताहेत आणि हे गळ्यात फीत घेऊन साहेबांच्या शेजारून तसेच सुसाट पुढे, घोंगडीपर्यंत. तिथं गुडघ्यांवर पडले.

"आये! काय झालं? हितं कशी तू? काय झालं?"

"मला काय व्हायचंय?" म्हातारीनं चाचपून त्यांचं तोंड शोधलं आणि पदरानं पुसायला लागली. "पयला आलास न्हवं? मग आता जायाचं न्हाई न्हवं?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात कानाला लावले, देवाशपथ, मी एक अक्षर बोलले नव्हते.

"तुला कुनी सांगितलं?" भाऊंनी विचारलं.

"कोन सांगनार? कप आला की ऱ्हायाचं, हे गाडीत लोकं बोलत व्हती. जायाचं म्हनशील तर म्हैनाभर बगती मी. पयलं आलास की लाकडं फोडलीस, पानी भरलंस, की निघालास. आता येतोस आनि बसतोस. उगंच म्हशीपाशी बसतोस, चुलीपाशी बसतोस. जानारं मानूसच आसं बसतं."

भाऊ आईच्या मांडीवर डोकं ठेवून, सगळ्या रेल्वेदेखत, लहान पोरासारखे हुंदके देऊन रडायला लागले. माझेही डोळे वाहत होते, पण मला एकीकडे हसूही येत होतं. साहेब मागून चालत आले. त्यांनी कप हळूच घोंगडीच्या कडेला ठेवला आणि टोपी काढून उभे राहिले.

भाऊ त्यानंतर इथंच राहिले, आणि आई होती तोवर दर सुट्टीला खिंड उतरत राहिले. आता दोघंही नाहीत. चाळीत त्या शर्यतीची गोष्ट निघाली की लोकांना शेवटची झेप आठवते. मला म्हातारीचं बोलणं आठवतं. रडं ओसरल्यावर भाऊंनी मान वर करून सांगितलं, "न्हाई आये. आता कुटं बी जायाचं न्हाई."

म्हातारीनं त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाली, "मग आता पयल्यासारका घाईनं जात जा रं बाबा. तू बसलास की मला लय भ्या वाटतं."