मोड्या आणि टोपीवाल्याचं नाणं

मोड्याचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा, कारण त्याची बोटं उघडायलाच वेळ लागायचा. घणाचा दांडा धरल्यासारखी ती रात्रभर आवळलेली असायची. गरम पाण्याच्या बादलीत हात सोडून तो एकेक बोट सरळ करायचा. त्यानंतर कुठे कप धरता यायचा.

कामावर जाताना वाटेत त्याच्या थोरल्या बहिणीचं घर लागायचं. ताई ठेक्याने शर्टांच्या कॉलरी शिवायची. शिवणयंत्र खिडकीशीच होतं आणि उजाडायच्या आत ते चालू असायचं. मोड्या गजावर टकटक करायचा, ती चहा बाहेर सरकवायची. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलेलं. बोलणं फारसं नसे. ती कॉलर उचलून दातांनी दोरा तोडायची आणि तो म्हणायचा, कात्री घे गं. ती म्हणायची, देवाने फुकट दिलीय ती आधी झिजू दे.

मोड्या आणि मी टांकसाळीत होतो. मी दाबयंत्रावर नाणी पाडायचो आणि तो मोडायचा. नाणं पाडायचा झिजलेला ठसा बाहेर जाऊन चालत नाही, नाहीतर गावभर खोटी नाणी होतील. म्हणून मोडखान्यात ठसा लाल तापवून त्यावरचं तोंड घणाने सपाट करायचं. मोड्याच्या आधी तिथे जो होता त्याने घाईत थंड ठशावर घण घातला. पोलाद फुटलं, कपची जबड्याखाली घुसली आणि माणूस ऐरणीपाशीच गेला. ती ऐरण मोड्याने धुतली. त्याचे नियम दोन: तापू द्यायचं आणि एकच घाव घालायचा. दुसरा घाव लागला तर पहिला चुकला, असं तो म्हणे. लग्नघरचे मात्र त्याला बोलवायला बिचकायचे. मोड्या आला तर लग्न मोडेल, ही आमच्या कारखान्यातली जुनी थट्टा.

एका वर्षी परदेशातल्या एका सेनापतीचं चांदीचं नाणं काढायचं ठरलं. जुन्या युद्धात आपली एक पलटण त्याच्या हाताखाली लढली होती. नाण्यावर त्याची टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, म्हणून आम्ही त्याला टोपीवाला म्हणायचो. त्या टोपीची कड उठेना. मी दाब वाढवला, तरी ती पुसटच यायची. प्रत्येक नाणं दोनदा दाबावं लागलं. काम संपलं तेव्हा त्या देशाच्या पाहुण्याने एक नाणं मला आणि एक ठसा कोरणाऱ्याला डबीत घालून भेट दिलं. बाकीची पेट्यांत गेली.

पेट्या वाटायच्या आतच बातमी आली. त्या देशात खड्डे उकरले होते. आत माणसांची हाडं निघाली आणि मनगटांना तार बांधलेली. शरण आलेल्या कैद्यांना उभं करून मारलं होतं, टोपीवाल्याच्या हुकमाने. वरून आदेश आला, सगळी नाणी मोडा. दिलेली भेट तेवढी परत मागता येत नाही, असं साहेब म्हणाले. पेट्या मोडखान्यात गेल्या.

चांदी मऊ असते. घण जोरात आला तर नाणं उडतं, हलका आला तर नाक राहतं. मोड्या पकडीत एकेक धरायचा, तोंड वर करून मारायचा आणि बाजूला टाकायचा. दिवसभर टोपीवाल्याची तोंडं फुटत होती.

ताईचा नवरा त्याच पलटणीत होता. पाण्याची गाडी हाकायचा. पण टोपीवाल्याने एकदा त्याच्या पाठीवर थाप मारली होती म्हणे आणि तेवढ्यावर त्याने जन्म काढला. गल्लीत त्याला फौजी म्हणायचे. कुणाशीही वाजलं की तो म्हणायचा, दात पाडून हातात देईन. बाहेर कुणाचे पाडले नाहीत. घरात मारायचा आणि त्यासाठी त्याला दारू लागत नसे.

माझ्या साहेबाचं तोंड तुझा भाऊ रोज फोडतो, असं म्हणून तो आता ताईच्या तोंडावर मारायचा. मोडायच्या आत एक नाणं आणून दे, असं भावाला सांग म्हणायचा. ती भावाला काही सांगत नव्हती. सांगितलं तर तो चोरी करेल नाहीतर खून, हे तिला ठाऊक होतं.

एका पहाटे मोड्याला यंत्राला दोरीने बांधलेली कात्री दिसली. ताईने तोंडाला पदर धरला होता. नळावर पाय घसरला म्हणाली. त्याने चहा प्यायला, कप परत सरकवला आणि कामावर आला. त्या दिवशी त्याचा घण ऐरणीच्या कडेवर बसला. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा पाहिलं.

संध्याकाळी फौजीच फाटकाशी आला. मी बरोबर होतो. त्याने मेहुण्याच्या खांद्यावर हात टाकला.

"एक नाणं, बास. तुमच्याकडे ढीग पडलाय."

"दाजी, आमचं तोंडसुद्धा उघडून बघतात बाहेर सोडताना."

"तोंडाचं मला नको सांगू. तुझ्या बहिणीचे खालचे अजून शाबूत आहेत."

हे तो हसत म्हणाला आणि विडी पेटवून निघून गेला.

रस्त्यात मी मोड्याला म्हणालो, माझी डबी ने. त्याने मान हलवली. आज नाणं दिलं तर उद्या माणूस आणखी काही मागतो, असं त्याचं म्हणणं. मी म्हणालो, बदल्यात ताईला मागून घे. मग तो थांबला.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर आम्ही दोघे तिच्या घरी गेलो. ताई कॉलरींना इस्त्री करत होती, कोळशाची, जड. मोड्याने अट सांगितली: नाणं तुमचं, ताई आजपासून माझ्याकडे. फौजी लगेच हो म्हणाला. डबी उघडली, टाचा जुळवून नाण्याला सलाम ठोकला. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, खोटं नव्हतं. मग नाणं मुठीत घेतलं.

"नाणं तुझ्याकडून आलं, बायकोही तुझ्याकडूनच आलेली," तो म्हणाला. "दोन्ही ठेवून घेतो."

आणि त्याच मुठीने त्याने ताईच्या तोंडावर मारलं. ती यंत्रावर आदळली. कॉलरींवर रक्त उडालं.

मोड्याने त्याचं मनगट धरलं. ती बोटं एकदा आवळली की गरम पाण्याशिवाय उघडत नसत. फौजी लाथा मारत होता, चावत होता. मोड्याच्या दंडाचा लचका तुटला, पकड सुटली नाही. त्याने फौजीला ओढत उंबऱ्यापाशी नेलं आणि गुडघ्याखाली दाबलं. मूठ दगडावर आपटली तशी ती उघडली. तळवा पालथा नाण्यावर आला.

"दाजी, हात स्थिर ठेवा."

नाणं पाडताना खाली ठसा लागतो, वरून दाब. मोड्याने डाव्या हाताने इस्त्री उचलली. ती तापलेलीच होती. एक घाव घातला. ओलं लाकूड फुटावं तसा आवाज आला आणि मग फौजीची किंकाळी. घाव सरळ बसला होता, कुठे घसरला नाही.

हात उचलला तेव्हा नाणं मांसात रुतलेलं होतं. ते गळून पडलं आणि तळव्यावर टोपीवाला उलटा उठलेला दिसला. जी टोपीची कड माझ्या यंत्रावर उठत नव्हती, ती तिथे स्वच्छ उठली होती.

इस्त्री मोड्याच्या हातात होती आणि फौजीचं डोकं उंबऱ्यावर. गल्ली दारात जमली होती. आता हा मुडदा पाडणार, असं कुणीतरी म्हणालंही. ताईने रक्त थुंकलं आणि भावाकडे पाहिलं.

"एकच," ती म्हणाली.

त्याने इस्त्री तिच्या जागेवर ठेवली. पडलेलं नाणं मी खिशात टाकलं, यंत्र खांद्यावर घेतलं, ताईने कात्री घेतली आणि तिघे बाहेर पडलो. मोड्याने शेवटी एक लग्न मोडलंच, असं पुढे कारखान्यात म्हणायचे. त्या वेळी कुणी हसलं नाही.

मोड्याला सजा झाली, नोकरी गेली. ताई माझ्या घराच्या पडवीत राहिली आणि तिथेच शिवत राहिली. वरचे दात तिला एकही उरले नव्हते. सुटून आल्यावर मोड्या जुन्या इमारती पाडणाऱ्या ठेकेदाराकडे रोजावर लागला. काम तेच, तोंडं मात्र भिंतींची. आता गरम पाण्यानेही बोटं पुरती उघडत नसत.

बाकीची मोडल्यामुळे माझ्याकडचं नाणं दुर्मीळ झालं होतं. मळकं होतं तरी एक संग्राहक माझ्याकडे खेपा घालू लागला. मी मोड्याला म्हणालो, विकू या, ताईचे दात होतील.

"टोपीवाल्याच्या तोंडाने ताईचं तोंड भरायचं नाही," तो म्हणाला. मग विचारलं, "आणलंयस?"

मी दिलं. त्याने ते पाडलेल्या भिंतीच्या चिऱ्यावर ठेवलं, तोंड वर करून. एक घाव. ना नाक राहिलं, ना टोपी.

"एक राहिलं होतं," तो म्हणाला आणि परत भिंतीकडे वळला.

ठसा कोरणाऱ्याचं तेवढं उरलं. ते आता काचेच्या पेटीत आहे म्हणतात.

एक जुनं नाट्यगृह आणि एका कारखान्याची चिमणी मोड्याने खाली आणली, तेव्हा दातांच्या डॉक्टरचा शेवटचा हप्ता फिटला. वरची पूर्ण कवळी. अर्धवट मिटलेल्या तळव्यात रुमालात धरून त्याने ती आणली आणि ताईच्या हातात दिली. घट्ट काही चावायचं नाही, दोरा तर नाहीच, असं डॉक्टरने बजावल्याचं सांगितलं.

ताईने कवळी बसवली, जीभ फिरवून पाहिली. यंत्रावर बसली. कॉलर पुरी करून उचलली. कात्री दोरीला लोंबत होती. तिने दोरा दातांत धरला आणि तोडला.