आगीचं पाणी

भुसावळच्या रेल्वे यार्डात अगदी कडेच्या रुळावर एक लाल टाकीची वाघीण बारा महिने उभी असायची. आधी ती रॉकेल वाहायची. पुढे तिच्यावर पंप बसवला, जाडजूड पाइप गुंडाळून ठेवले आणि जिथे रस्ता पोचत नाही तिथली आग विझवायचं काम तिला दिलं. आमच्या वस्तीत सगळे तिला आगटाकी म्हणत. ती सदा काठोकाठ भरलेली ठेवायची, हे द्रौपदाबाईचं काम. साक्रीकडची ही बौद्ध बाई. नवरा नोकरीत असतानाच वारला, म्हणून त्याच्या जागी रेल्वेत खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर, लागली.

मला तर तिचा राग यायचा. भुसावळचा उन्हाळा म्हणजे नळ कोरडे आणि डोकी तापलेली. बायका कळशा घेऊन टाकीपाशी जायच्या आणि ही चावी कमरेला खोचून सरळ नाही म्हणायची. राणीसरकार, असं आम्ही तिला मागून चिडवायचो.

नाही म्हणताना तिच्या जिवाचं काय होतं, हे तिने मला फार नंतर सांगितलं. तिच्या आजीला गावच्या विहिरीला हात लावता येत नसे. कुणी वरून ओतेल म्हणून ती घागर घेऊन बसून राहायची. त्याच आजीची नात आता पाण्यावर पहारा ठेवते आणि लोकांना माघारी पाठवते, याची द्रौपदाबाईला लाज वाटायची. पण अर्धी टाकी घेऊन आगीपाशी जाऊन उपयोग नाही, हेही तिला पटलेलं होतं.

शेजारची अमिनाबी तिची जिवाभावाची मैत्रीण. तिचा नवरा नूर महंमद गाद्या भरायचा. रोज संध्याकाळी दोघींच्या गप्पा ओट्यावर रंगायच्या. अमिनाबीच्या रूहीच्या लग्नात सांगून ठेवलेला टँकर आलाच नाही. पाहुणे जेवायला बसायची वेळ झाली आणि हात धुवायलाही पाणी नव्हतं. अमिनाबी धावत टाकीपाशी गेली, तिने पदर पसरला. द्रौपदाबाई म्हणाली, "हाई पानी आगीनं शे बहीन, मनं नई." पाणी आगीचं होतं, तिचं नव्हतं.

अमिनाबी पदर सावरून परतली. नूर महंमदने कुठूनशी पिंपं आणली आणि लग्न पार पडलं. त्या दिवशी आग काही लागली नाही.

पुढच्या हिवाळ्यात कापसाच्या गाठींची वाघीण पेटली, तेव्हा हीच टाकी इंजिन लावून नेली आणि रुळालगतची आमची घरं वाचली. द्रौपदाबाईचं नाव कुणी घेतलं नाही. तिलाही त्याचं काही नव्हतं. अमिनाबी आपल्याला कधी माफ करायची नाही, एवढंच तिच्या डोक्यात बसलं होतं. कोणत्या तोंडाने तिच्या दारात जायचं? म्हणून ती जाईनाशी झाली. ईदला शीरखुर्म्याचं बोलावणं आलं, तर ड्यूटी आहे म्हणून सांगितलं. पुढच्या वर्षी बोलावणंही आलं नाही. घराला घर लागून, आणि बोलणं बंद.

यंदा त्या रुळांपर्यंत पक्का रस्ता झाला. आगीचे बंब थेट येऊ लागले आणि टाकी भंगारात निघाली. साहेबांनी आतलं पाणी सोडून द्यायला सांगितलं. द्रौपदाबाईने ते वस्तीला देऊ का म्हणून विचारलं, आणि नवल म्हणजे साहेब हो म्हणाले. मग काय, धुण्याभांड्याला म्हणून घराघरातून बादल्या निघाल्या. अमिनाबी तेवढी आली नाही.

शेवटी द्रौपदाबाईनेच दोन बादल्या भरल्या आणि तिच्या दारात नेऊन ठेवल्या. मी समोरच्या ओट्यावर उभी होते. खाली मान घालून ती म्हणाली, "तवय दिधं नई बहीन. आज लई उनू." तेव्हा न दिलेलं पाणी ती आज घेऊन आली होती.

अमिनाबीने बादल्यांकडे पाहिलंही नाही.

"तो राग रूही सासरी गेली तेव्हाच गेला," ती म्हणाली. "काम होतं तुझं, तू केलं. पण त्या दिवसापासून तू माझ्या घरचं पाणी पिली नाहीस. ते लागलं मला."

कुणाच्या घरचं पाणी टाळलं की त्या माणसाला काय वाटतं, हे द्रौपदाबाईला वेगळं सांगायला नको होतं. तिथेच उंबऱ्यावर ती मटकन बसली आणि रडायला लागली.

अमिनाबीने आतून तांब्या भरून आणला. द्रौपदाबाईने तो एका दमात रिकामा केला आणि आणखी मागितलं.