मी ते वाचलं होतं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ रेटत नाही — मी प्रयत्न करून पाहिलाय.

आम्ही तेव्हा टेक्सासमध्ये, प्लेनोला राहत होतो. नवरा सॉफ्टवेअरमध्ये आणि मी त्याच्या व्हिसावर आलेली, म्हणजे मला नोकरीची परवानगी नाही. पुण्यात मी शाळेत मराठी शिकवायचे. इथे आल्यावर घर आवरायचं, पुन्हा आवरायचं, आणि गाडी गराजमध्ये शिरल्याचा आवाज येईपर्यंत खिडकीशी बसायचं. मग तिथल्या महाराष्ट्र मंडळाची रविवारची मराठी शाळा माझ्याकडे आली. पगार नव्हता. पण रविवारी सकाळी कुर्त्याला इस्त्री करताना वाटायचं, मी अजून कुणीतरी आहे. हे मी सबब म्हणून सांगत नाहीये. माझ्याकडे गमावण्यासारखं एवढंच होतं, हे तुम्हाला ठाऊक असावं, इतकंच.

मोठ्या मुलांचा वर्ग माझ्याकडे होता. निबंध दिला की चार ओळी यायच्या, त्याही आईने सांगितलेल्या. २००६ साली जो तो ब्लॉग काढत होता, म्हणून मीही वर्गाचा एक काढला. मुलांनी घरून मराठीत टाइप करायचं. ते आधी माझ्याकडे यायचं. मी वाचायचे, आणि मी बटण दाबलं की मगच सगळ्यांना दिसायचं. आईबाबांना वाटायचं, मुलं लिहितात आणि ते आपोआप तिथे येतं. त्यांना खरं सांगायची वेळ कधी आली नाही — आणि आली तेव्हा मी सांगितलं नाही.

गार्गी तेरा वर्षांची होती. तिचे आईबाबा नागपूरचे, संदीप आणि वैशाली. गार्गीने पहिल्यांदा लिहिलं होतं, ‘मी सकाळी उठला. मी सिरियल खाल्ला. मग बस आला.’ वर्गात मी लाल पेनने दुरुस्त करून करून थकले होते. ब्लॉगवर मात्र एक वाचक आला. तिचे नागपूरचे आजोबा, वैशालीचे वडील. त्यांनी खाली लिहिलं, ‘बस कोणत्या रंगाची? शेजारी कोण बसतं?’ पुढच्या आठवड्यात गार्गीने लिहिलं, की बस पिवळी असते आणि शेजारची मुलगी रोज एक मोजा उलटा घालते. आजोबांनी विचारलं, ‘का?’

त्या ‘का?’ने जे केलं ते माझ्या लाल पेनला जमलं नव्हतं. पलीकडे कुणीतरी वाट बघतंय हे तिला कळलं. मग ती मला फोन करायला लागली — मावशी, शांतता आणि सामसूम यात काय फरक असतो? मावशी, माझं चुकलंय, बस ‘ती’ असते ना, मी परत पाठवू? तिचं चुकलेलं तिलाच दिसायला लागलं होतं. थंडी सुरू होईपर्यंत ती असं लिहू लागली की तिचं लिखाण यायचं त्या गुरुवारी सकाळी मी चहा ठेवायच्या आधी कॉम्प्युटर लावायचे. मुलांचं लिहिणं वाढतं ते असं, हे मी तिच्याकडून शिकले. मी तिला शिकवलं असं मात्र सगळ्यांना सांगत होते.

फेब्रुवारीत तिने हे पाठवलं. मला ते पाठ आहे.

‘आजोबांचा फोन आला की आई सांगते, इथे सगळं मस्त आहे. मग ती बाथरूममध्ये जाते आणि नळ सोडते. आमच्याकडे नळ चालू ठेवला तर बाबा ओरडतात. पण तेव्हा नळ खूप वेळ चालू असतो. मी दाराबाहेर उभी राहते. मग आई बाहेर येते आणि विचारते, भूक लागली का?’

वैशाली नागपूरला कॉलेजात फिजिक्स शिकवायची. इथे तीही माझ्यासारखीच, नवऱ्याच्या व्हिसावर. तो नळ — काय सांगू — तो नळ मलाही माहीत होता.

मी गार्गीला लगेच फोन केला. म्हटलं, आजवरचं तुझं सगळ्यात सुंदर लिखाण आहे हे. ती म्हणाली, “मावशी, मी आधी आईला विचारू का? शी इज... म्हणजे, तिला आवडणार नाही कदाचित.”

तेरा वर्षांच्या मुलीला कळलं होतं. आणि मी काय म्हणाले? म्हणाले, “लिहिणाऱ्याने प्रत्येकाला विचारत बसलं तर लिहून होत नाही गं.” कुठून आणलं मी हे वाक्य? मी आयुष्यात असं काय लिहिलं होतं? मला ते माझ्या वर्गाच्या ब्लॉगवर हवं होतं. लोकांनी म्हणावं, बघा, हिच्या हाताखाली मुलं कशी लिहितात — ते हवं होतं. मी बटण दाबलं.

आजोबांनी त्याखाली काही लिहिलं नाही. त्यांनी वैशालीला फोन केला. काय बोलणं झालं ते मला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. म्हातारा माणूस फोनवर रडला, म्हणाला, सगळं सोड आणि परत ये. शनिवारी मंडळाचं जेवण होतं, तोवर बहुतेकांनी वाचलं होतं. भाताच्या पातेल्याशी उभं राहून कुणीतरी वैशालीला हसत विचारलं, “काय गं, नळ दुरुस्त झाला का?” तिने ताट तिथेच ठेवलं आणि जाऊन गाडीत बसली. मी तिथेच होते. मी पापड वाढत होते.

रविवारी संदीप आला. मंडळाचे अध्यक्षही सोबत होते. बाकीच्या मुलांना बाहेर पाठवलं, गार्गी मात्र बाबांशेजारी उभी राहिली. संदीप ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने एवढंच विचारलं, “हे टाकायच्या आधी तुम्ही वाचलं होतं का?”

मी म्हणाले, “नाही हो. मुलं स्वतःच टाकतात. मला माहीत असतं तर मी टाकू दिलं असतं का?”

इतकं सहज निघालं. अडखळलेसुद्धा नाही.

गार्गी माझ्याकडे बघत होती. रागाने नव्हे. मी अजून काही बोलेन, वाक्य पूर्ण करेन, अशी वाट बघत होती. मी टेबलावरचे खडू गोळा करायला लागले. मग ती बाबांना म्हणाली, “मीच टाकलं. मावशींना नाही विचारलं. आय अ‍ॅम सॉरी.”

तिने मला वाचवलं. का? मी घाबरलेय हे तिला दिसलं असेल? की मोठ्या माणसांना खोटं पाडायचं नसतं असं आपणच तिला शिकवलं होतं? अध्यक्ष मला म्हणाले, तुमची काही चूक नाही, मुलांचं काय सांगता येतं. वर्ग माझ्याकडेच राहिला. ब्लॉग मी त्याच दुपारी पुसून टाकला, सगळ्या मुलांचा. आजोबांचे प्रश्नही त्यात गेले.

काही दिवसांनी वैशाली इंडियन ग्रोसरीत भेटली. मला पाहून आधी दुसरीकडे वळली, मग परत आली. म्हणाली, “तुम्ही आधी वाचलं नव्हतं ते एक बरं झालं. एवढं वाचूनही कुणी सगळ्यांसमोर ठेवलं असतं ना, तर मला सहन झालं नसतं.” तिच्या हातात कढीपत्त्याची पिशवी होती. गार्गीशी ती किती दिवस धड बोलली नव्हती, हेही तिने सांगितलं. तेव्हा सांगता आलं असतं. दुकानात आम्ही दोघीच होतो. मी म्हणाले, “मुलं आहेत, होतं असं.”

आजोबांची शाळेच्या पत्त्यावर ईमेल येत राहिली. ब्लॉग उघडत नाही, माझ्या कॉम्प्युटरचा काही दोष आहे का, नातीने नवीन काही लिहिलं का. मी उत्तर दिलं नाही. एके दिवशी ती यायची थांबली. का थांबली, ते मी कुणाला विचारलं नाही.

त्या उन्हाळ्यात संदीपला दूर दुसऱ्या राज्यात, रेडमंडला नोकरी मिळाली आणि ते लोक गेले. २००८ साली कुणाच्या तरी वास्तुशांतीला आमच्या शेजारच्या फ्रिस्कोला आले होते, तेव्हा गार्गी दिसली. उंच झाली होती. मी धीर करून विचारलं, लिहितेस का अजून? ती हसली, अगदी नीट, पाहुण्यांशी हसतात तसं. “नॉट रिअली, आंटी,” म्हणाली, आणि माझ्या हातातली रिकामी प्लेट घेऊन ठेवायला गेली.

त्या घरात तिला अजूनही न विचारता टाकणारी मुलगी समजतात. तिने विचारलं होतं. आईला विचारू का, म्हणून मला विचारलं होतं. मी नको म्हटलं, मी वाचलं, मी टाकलं, आणि तिच्यासमोर उभी राहून नाही म्हणाले.

वैशालीचा फोन नंबर माझ्याकडे आहे. तो बदललेला नाही.