गॅसच्या जोडणीसाठी फोंड्याचा घाट चढलो

आंब्याला मोहोर दिसला तसा मी कोल्हापूरची एसटी पकडली. खिडकीशी मी, शेजारी फिलू. मालवणजवळ माझा आंब्याचा मावा आटवायचा छोटा कारखाना आहे आणि कढईवर हात फिलूचाच. मागच्या मोसमात गॅस संपत आला म्हणून तिने आमच्याकडच्या रिवाजाने सिलिंडर आडवा केला. भडका उडाला, पदर पेटला. ती वाचली, पण निक्षून म्हणाली, "अण्णा, शेगडीच्या कुशीत सिलिंडर आसा तवसर मी येवचंय नाय."

फिलू नाही तर मावा नाही, आणि मावा नाही तर कारखान्याला कुलूप. मुलगा म्हणाला, नव्या जोडणीची चित्रं फोनवर दाखवतो. चित्र बघून मी कधी म्हैससुद्धा घेतली नाही. मी आणि फिलू, दोघांनी जाऊन डोळ्यांनी बघायचं ठरलं.

फोंडाघाटला गाडी थांबली. उसळपाव खाऊन मी दुसरा चहा मागवला तोच गाडी सुरू झाली. फिलू दारातच उभी राहिली आणि कंडक्टरवर ओरडली, "म्हातारो चाय पिता हा! घाट खंय पळान जाणा नाय!" सगळी गाडी हसली. मी चहा संपवूनच चढलो.

घाट चढला की अंगाला चिकटणारा खारा दमटपणा खालीच राहतो. दाजीपूरचं जंगल सरलं आणि दोन्ही बाजूंना ऊस लागला.

कोल्हापुरात मुलाच्या ओळखीच्या माणसाचा भडंगाचा कारखाना. मालक हसतमुख. "काय मामा, समुद्र सोडून इकडं कसं आलासा?"

त्याने भिंतीबाहेर नेलं. जाळीच्या पिंजऱ्यात सिलिंडर दोन ओळींत उभे, सगळे एकाच पाइपला जोडलेले. पाइप भिंतीतून थेट भट्टीला. "ही ओळ संपली की ती चालू. आग इझत न्हाई, आडवा करायचा प्रश्नच न्हाई."

फिलूने पिंजरा हलवून बघितला. मी विचारलं, "आमच्या खाऱ्या वाऱ्यात हे लोखंड किती टिकणार?" तो म्हणाला, गंज न धरणारा पाइप मिळतो. तोच घ्यायचा, मी तिथेच ठरवलं.

"पिंजरा ठेवणार कुठं?"

"जागा कधीच ठरली आहे. मागे विहिरीजवळ, राखणदाराच्या (जागा राखणाऱ्या देवाच्या) दगडाशेजारी. चोराची हिंमत होणार नाही."

"दिवाबत्ती काय न्हाई न्हवं तिथं?"

"नाही."

"अण्णा!" फिलू म्हणाली. "मगे राखणदाराक रोज तिन्हीसांजेक दिवो कोण लावता? मी?"

मालकाने तोंड फिरवून हसू दाबलं. मग नीट सांगितलं, हा गॅस जड. गळला तर वर जात नाही, जमिनीवरून सरपटत खोलगट जागेत, विहिरीत जाऊन बसतो. दिव्याची एक वात पुरे.

खानावळीत पांढरा रस्सा गोड लागेना. "दिवो हलवा," फिलू म्हणाली.

"पणजोबापासून तिथे लागतो. हलणार नाही."

"मगे पिंजरो पुढच्या खळ्यात (अंगणात) घाला. थंय वारो आसा."

"तिथे मी खुर्ची टाकून विडी ओढतो."

"ताच सांगतंय मी."

परतीचा घाट उतरलो. कणकवली आली, अंगाला पुन्हा दमट हवा लागली. तेव्हा म्हटलं, "पिंजरा खळ्यात. पण दोन ओळीच पाहिजेत, एकीवर मी भागवणार नाही."

"बरा," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

कैऱ्या पिकल्या त्या सकाळी फिलू आली. पिंजऱ्याभोवती फिरली, वास घेतला, पदर कमरेला खोचला आणि मागे येऊन मला विचारलं, "कढई खंय आसा?"

मी मागे राखणदाराजवळ बसलो होतो. घाट चढून जोडणी आणली, राखणदार जागचा हलला नाही, मीच हललो. खुर्ची मात्र मी स्वतः उचलून नेली. कोणाला हात लावू दिला नाही.