मधल्या सुट्टीचे दोन डबे

जयपूरच्या रेल्वे कॉलनीत आमच्या समोरच्या क्वार्टरमध्ये नगरकडचं एक ख्रिस्ती कुटुंब राहायचं. शाळेत आपल्या मुलीच्या डब्याला कुणी हात लावत नाही, हे कळल्यावर त्या बाईंनी तिला घरीच शिकवायला घेतलं. शिस्त मात्र शाळेचीच. सकाळी गणवेश, प्रार्थना, मग पाढे. बाईंचा आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा, मुलीचा कधीच नाही.

कपडे वाळत घालताना त्या मला विचारायच्या, "वहिनी, मतलब, बरोबर करतेय ना मी?" आणि उत्तर न ऐकताच बादली उचलून आत जायच्या. 

एका दुपारी मी दारात उभी होते. समोर घंटी वाजली. मुलगी डबा घेऊन पायरीवर येऊन बसली. मागोमाग बाई आल्या, स्वतःचा डबा घेऊन, आणि वर्गमैत्रिणीसारख्या तिला खेटून बसल्या.

"तू काय आणलंस गं? वाटून खाऊ या."

मुलीनं आपली अर्धी भाजी त्यांना दिली. त्यांनी आपली अर्धी तिला दिली.

दोन्ही डब्यांत गवारच होती.