आपापल्या नंबरावर

डॉ. वसुधाताईंना मी प्रथम पाहिले ते मोताळ्यातल्या त्यांच्या दातांच्या दवाखान्यात, अवजारे घासताना. मी नव्या पदवीच्या ऐटीत काम मागायला गेलो होतो. त्यांना मदतनीस समजून "डॉक्टर कुठे आहेत?" असे विचारले. "हात धुते, मग सापडतील," त्या म्हणाल्या.

प्रत्येक रुग्णाला नवे हातमोजे आणि वाफेत निर्जंतुक केलेली अवजारे, ही ताईंची शिस्त. एचआयव्ही असलेल्यांनाही तीच खुर्ची आणि आपापलाच नंबर. मी पूर्वी जिथे शिकलो तिथे अशांना सर्वांत शेवटी घेत. मला तीच सावधगिरी वाटे.

एका बाजाराच्या दिवशी ताई बाहेरगावी होत्या. पिंपळगाव राजाची एक बाई सुजलेला गाल घेऊन आली. तिने स्वतःहून, दबक्या आवाजात एचआयव्ही असल्याचे सांगितले. मी तिच्या केसपेपरवर लाल खूण केली आणि तिला शेवटी बसवले. मागून आलेले चौघे दाखवून गेले. तेव्हा तिच्या गावातलीच एक जण म्हणाली, "काऊन वं, तुलेच मागं काऊन ठेवून राह्यले?" बाई उठली आणि निघून गेली.

ताईंना कळले, तेव्हा त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरे झाले असते. "तिनं खरं सांगितलं, म्हणून तिले शिक्षा? ज्यांले स्वतःलेच ठाऊक नाही, तेही याच खुर्चीत बसतात नं?" दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन तिच्या घरी गेल्या. दार अर्धेच उघडले. "मले काही नाही झालं, मॅडम. तुम्ही जा. लोक पाहून राह्यले." नेलेल्या गोळ्याही तिने घेतल्या नाहीत. आग्रह केला असता तर गावभर झाले असते, म्हणून ताई परत फिरल्या. पंधरवड्यात सूज गळ्यात उतरली आणि ती बाई गेली.

आता हाकलतील, असे मला वाटले. पण पुढचा तसा रुग्ण आला, तेव्हा ताईंनी त्याला त्याच्या नंबरावर माझ्याकडेच पाठवले आणि स्वतः शेजारी उभ्या राहून मला अवजारे देत राहिल्या.  

ताईंनी वयाची साठ वर्षे पूर्ण केली. सगळे त्यांना विश्रांती घ्या म्हणतात. पण आजही एचआयव्ही असलेले रुग्ण लांबलांबून ताईंचेच नाव विचारत येतात आणि त्या नसल्या तर दारातूनच परततात. त्यात त्यांचे काही चुकत नाही. ताईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, हे मी स्वार्थानेच मागतो आहे. त्या रुग्णांना माझ्यापुढे खरे सांगायची भीती वाटेनाशी होईल, तोवर तरी.